जहाजातली जनावरं कुठं गेली?

मालिकेचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांनी तिचा तसा शेवट केला, त्यांची फुकट जाहिरात करायची मला हौस नाही. परदेशी होती, हिंदीत डब केलेली होती, दीड वर्षं चालली, एवढं पुरे. पृथ्वी वाळून गेलेली असते आणि चारशे माणसं एका जहाजात बसून आकाशात नवी जमीन शोधायला निघालेली असतात. कप्तान एक बाई असते, तिची लेक निघायच्या आधीच वारलेली असते. जहाजाच्या पोटात एक अख्खा मजला जनावरांचा असतो. आणि सगळ्यात खाली, जिथं दिवेसुद्धा नीट लागत नाहीत, तिथं एक बंद दार असतं. त्या दारावर आतून कोणीतरी ठोकतं. पहिल्याच भागात तीन ठोके पडले आणि मी त्या मालिकेची झाले.

तेव्हा मी अंबाजोगाईला डी.एड. करत होते. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या खोलीत टीव्ही होता. रविवारी दुपारी बाई आम्हा सहा मुलींना आत घ्यायच्या, पण एक अट असायची. बघता बघता त्यांची ज्वारी निवडून द्यायची. खडे कमी निघाले तर पुढच्या रविवारी दार बंद. मांडीवर सूप, डोळे पडद्यावर, बोटं आपोआप खडा वेचतायत, अशी मी ती मालिका पाहिली. वर्गात आम्हाला बालमानसशास्त्र शिकवणाऱ्या सरांपेक्षा माणसाच्या मनाबद्दल त्या कप्तानबाईकडून मी जास्त शिकले. सर वही बघून वाचायचे, तेही चुकीच्या पानावरून.

शेवटचे तीन भाग राहिले आणि माझं लग्न ठरलं. घाटनांदूरला, आमच्या दारात, रविवारी दुपारी लागलं. डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि आत्ता भाग सुरू झाला असेल, आत्ता जाहिराती लागल्या असतील, असं माझ्या मनात चाललं होतं. हे मी नवऱ्याला आजवर सांगितलेलं नाही. निघताना मी खोलीतल्या मैत्रिणीकडून वचन घेतलं होतं की शेवट काय झाला ते सविस्तर पत्रानं कळवायचं. महिनाभरानं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं, ‘शेवट फारच सुंदर आहे गं. मी सांगून तुझी मजा घालवणार नाही, तू स्वतःच बघ.’

स्वतःच बघ! मी पाटोदा तालुक्यातल्या एका वाडीत होते. तिथं टीव्ही एकच, सरकारी चॅनलचा, तोही वीज असली तर. त्या बाईशी मी पुढं कधी बोलले नाही. ती आता बीडला कोचिंग क्लास चालवते असं ऐकते. बिचारी पोरं.

आठ वर्षं गेली. शिक्षकभरती निघाली नाही ती नाहीच. मुलगी झाली, शाळेच्या वयाची झाली. मी शेतात खुरपायला लागले आणि खुरपता खुरपता त्या दारामागं कोण असेल ते ठरवायला लागले. कधी ती कप्तानबाईची लेक असायची, कधी दुसरं एखादं जहाज असायचं. एका उन्हाळ्यात तर दारामागं मी स्वतःच होते. शेवट बघायला मिळाला नव्हता म्हणून तो मनात वाढतच गेला. एवढं छान रचणारी माणसं आहेत, म्हणजे शेवट साधासुधा नसणार, एवढा भाबडेपणा माझ्यात होता.

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला. विहिरीत उतरलं तरी पाय ओला होईना. नवरा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला, कारण तालुक्यात तेवढाच एक धंदा जोरात होता. मुलीला मी आईकडं घाटनांदूरला शाळेत घातलं. सासरे घर राखायला थांबले. आणि मी आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, दोन बैल, एक गाय आणि तिची कालवड घेऊन जनावरांच्या छावणीत राहायला गेलो.

छावणी एका सहकारी दूध संस्थेची होती. वर्षभरापूर्वी याच संस्थेनं ‘फॅट लागत नाही’ म्हणून आमचं दूध परत पाठवलं होतं. आता सरकारनं छावण्यांना मंजुरी दिली म्हटल्यावर तिला आमच्या जनावरांची माया आली. माळावर हिरव्या जाळीच्या रांगा, प्रत्येक रांगेत दावणी, जनावरांच्या कानात बिल्ले, आणि माणसांसाठी ताडपत्रीची पालं. फाटकावर चेअरमनचा मोठा फलक होता. फोटोत ते गाईला गवत भरवत होते. गाय चांगली गुटगुटीत विलायती होती. तशी गाय अख्ख्या छावणीत एकही नव्हती.

चारा म्हणून उसाचे वाढे यायचे. एका आठवड्यात वाढे इतके सुकलेले आले की जनावरं त्यांच्यावर बसायला लागली. आम्ही वीस-पंचवीस बाया जमून पत्र्याच्या ऑफिसात गेलो. तिथं मॅनेजर बसायचा, चेअरमनचा मेहुणा, पांढऱ्या बुटातला. माळावर, शेणात, पांढरे बूट. त्यानं आमचं ऐकून घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, “तुमची सोय करतो.” तिसऱ्या दिवशी सोय आली. टीव्ही आला. ऑफिसशेजारच्या शेडात, वर डिशची थाळी, खाली टीव्ही आणि मधे चेअरमनचा हार घातलेला फोटो.

“वाढे मागितले तर ह्ये कावून दिलं?” आत्याबाईंनी विचारलं.

“करमणूक,” मॅनेजर म्हणाला. “दुष्काळात माणसाचं मन रमलं पाहिजे, मावशी.”

“बैलाला दाखवू का मंग?”

टीव्ही संध्याकाळी पुरुषांचा, कुस्ती आणि क्रिकेट. दुपारी एक ते दोन उन्हानं पुरुष पालात आडवे व्हायचे, मग रिमोट बायांच्या हाती. पहिल्याच दुपारी मी चॅनल फिरवत होते आणि अंधारात ते दार दिसलं. तीन ठोके पडले. माझ्या हातातला रिमोट खाली पडला. त्या चॅनलनं जुनी मालिका पहिल्यापासून सुरू केली होती, आठवड्यातून पाच दिवस.

“काय झालं गं?” शेजारच्या दावणीवरची बाई म्हणाली. तिची एक म्हैस होती आणि ती अंगणवाडीत मदतनीस होती. त्यांच्या वस्तीतल्या घरांत नळ कोरडे पडले तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन टेबलावर हंडा आपटणारी तीच. सकाळी भेटली की “जय भीम ताई” म्हणायची आणि लगेच कुणाची तरी चूक दाखवायची. छावणीत माझं खरं तिच्याशीच जमलं.

“ही मी पाहिलीय,” मी म्हणाले. “शेवट सोडून सगळी.”

“मग आमाला सांग. त्यांची हिंदी लई आखडून हाय.”

अशी मी छावणीची दुभाषी झाले. मी पडद्याजवळ उभी राहायची आणि हिंदीचं आमच्या बोलीत करून सांगायची. पहिल्या आठवड्यात दहा बाया होत्या, महिन्याभरात शेडमध्ये जागा उरली नाही. आडवे होणारे पुरुषही उठून यायला लागले आणि दाराशी उभे राहून आपण बघत नसल्यासारखं बघायला लागले. कप्तानबाईला सगळे पाटलीण म्हणायचे. जहाजात एक यंत्रमाणूस होता, तो प्रत्येकाला रोजचं पाणी मोजून द्यायचा आणि कुणी थेंब जास्त मागितला की नियम वाचून दाखवायचा. त्याचं नाव तलाठी पडलं. जनावरांच्या मजल्यावर एक मुकी मुलगी राहायची, ती गाईंना घास भरवायची आणि रात्रपाळीच्या खलाशांना दूध द्यायची. ती आत्याबाईंची फार लाडकी. “पोर गुणाची हाय,” त्या म्हणायच्या. “पण गाईंचा गोठा त्यांनी लई अरुंद केलाय. गाय वळंल कशी?”

कुणी तिथं आकाश बघत नव्हतं. सगळे जहाजातलं पाणी, चारा आणि भांडणं बघत होते. एका भागात चारा संपत आला म्हणून अधिकारी ठरवतात की जनावरं बाहेर आकाशात सोडून द्यायची. तेव्हा पाटलीण त्या मजल्याच्या दारात आडवी झोपते आणि म्हणते, ही गेली तर आपण नुसते प्रवासी, शेतकरी नाही. मी हे मराठीत सांगितलं. म्हैसवाली पदरानं नाक पुसत म्हणाली, “बरोबर बोलली. आपन तरी कावून हितं ऊन खात बसलोय?” खरंच होतं. बाजारात विकून टाकलं असतं तर कुणालाच छावणीत राहायची गरज नव्हती.

त्या दिवशी मी एक चूक केली. सगळ्यांना सांगून टाकलं, “शेवट बघा. शेवट तर याहून भारी असणार.” माझ्या जिवावर मी त्या परक्या लोकांचा जामीन राहिले.

आमच्यात एक गुरुजी होते, निवृत्त मुख्याध्यापक, दोन बैल घेऊन आलेले. सुरुवातीला ते लांब बसून पेपर वाचायचे. मग एक दिवस खुर्ची घेऊन पुढं आले आणि त्यानंतर मी काही सांगितलं की मागाहून तेच जड शब्दांत पुन्हा सांगायला लागले. मी म्हणायची, “ती घाबरलीय.” ते म्हणायचे, “अस्तित्वाचा प्रश्न आहे.” मला त्यांचा आदर होता. डी.एड. असून गवत कापणाऱ्या बाईला कुणीतरी शिकलेलं बोलायला मिळालं की ती हुरळते, त्यातलाच प्रकार.

दारामागं काय असेल यावर छावणीत तट पडले. म्हैसवालीचं म्हणणं, जहाज बांधणारे मजूर आत कोंडलेत. एक म्हातारा म्हणायचा, साप हाय. आत्याबाई फक्त एवढंच विचारायच्या, “ज्या जमिनीला चाललेत तिथं चारा असंल ना गं?”

“असेल, आत्याबाई. शेवटी दाखवतील.”

शेवटच्या भागाची जाहिरात आठवडाभर चालली होती. नेमक्या त्याच दिवशी, त्याच वेळी, एक वाजता चेअरमन एका बड्या पुढाऱ्याला घेऊन छावणी बघायला येणार असं कळलं. मॅनेजरनं सकाळीच फर्मान काढलं की एक वाजता सगळ्या बायांनी मांडवात बसायचं, डोक्यावर पदर घेऊन, आणि टाळ्या वाजवायच्या.

“पाव्हणे कधी येळेवर येत्यात का?” म्हैसवाली म्हणाली. “आमी शेडात बसतो. गाड्या दिसल्या की बघू.”

पाहुणे वेळेवर आले नाहीत. भाग सुरू झाला. आधीचे तीन-चार भाग उत्तम झाले होते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. जमीन दिसली होती. निळी नव्हती, करडी होती, आमच्या माळासारखी. पाणी आठ दिवसांचं उरलं होतं. दारावरचे ठोके वाढत चालले होते आणि तलाठ्यानं पहिल्यांदा नियम मोडून मुक्या मुलीला एक पेला पाणी जास्त दिलं होतं. शेडमधे तेव्हा शिट्टी पडली होती. आता फक्त उतरायचं राहिलं होतं.

चाळीसेक मिनिटं झाली असतील, फाटकाकडून धुरळा उठला. मॅनेजर पळत आला.

“बंद करा! साहेब आले! चला मांडवात!”

कुणी उठलं नाही. तो रिमोटकडं वळला तर आत्याबाई टीव्हीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात शेण ओढायचं फावडं होतं, आताच दावणीवरून आलेल्या होत्या.

“आता उतरायलेत,” त्या म्हणाल्या. “उतरू द्या.”

“मावशी, साहेब बाहेर उन्हात उभे आहेत!”

“आमी चार महिने झालं उन्हात हाव.”

तेवढ्यात चेअरमन स्वतःच दारात आले, मागं पुढारी, मागं फोटोवाला. पन्नास-साठ माणसं पडद्याकडं तोंड करून बसलेली आणि कुणी मान वळवत नाही, हे त्यांनी पाहिलं. हुशार माणूस. लगेच हसले, “असू द्या, असू द्या, आम्हीपण बघतो,” म्हणाले, आणि गुरुजींनी लगबगीनं सोडलेल्या खुर्चीवर बसले. अशा रीतीनं माझ्या आठ वर्षांच्या शेवटाला चेअरमन पहिल्या रांगेत हजर होते.

आता तो शेवट सांगते.

जहाज जमिनीजवळ येतं. एकदम पांढरा उजेड होतो. उजेडातून पाटलिणीची मेलेली लेक चालत येते आणि म्हणते, “आई, तू कधी निघालीच नव्हतीस. घर तुझ्या आतच आहे.” पाटलीण रडते. मग सगळी माणसं, जी दीड वर्षं घोटभर पाण्यासाठी भांडली, ती एकमेकांचे हात धरून हसत हसत उजेडात चालायला लागतात. तलाठी डोळे मिटतो. संगीत वाजतं. सगळं पांढरं होतं. संपलं.

दार उघडलं नाही. जमिनीवर कुणी पाय ठेवला नाही. ती जमीन खरी होती का, माणसं मेली होती का, मुळात जहाज होतं का, कशाचाही पत्ता नाही. नावं पडद्यावरून वर सरकायला लागली. शेकड्यानं नावं होती. एवढ्या माणसांत एकालाही सुचलं नाही?

मी भाषांतर करायचं विसरून उभी होते. मग टीव्हीच्या बाजूला सरकून उभ्या असलेल्या आत्याबाई म्हणाल्या,

“आन् जनावरं?”

मी पुन्हा पडद्याकडं पाहिलं, नुसती नावं सरकत होती.

“आगं, जनावरं कुठं गेली? त्या पोरीनं दावं सोडलं का न्हाई?”

“दाखवलं नाही, आत्याबाई.”

“ईसरले?”

विसरलेच होते. आडवं झोपून वाचवलेली, घास घास भरवून आणलेली जनावरं त्या हुशार लोकांच्या लक्षातसुद्धा राहिली नव्हती. हात धरून उजेडात गेले आणि खाली दावणीला गाय बांधलेली राहिली. छावणीत बसलेल्या माणसांपुढं हे दाखवायचं! मला आजही ते आठवलं की कपाळाची शीर उडते.

“दार उघडायचं नव्हतं तर ठोकायचं कावून?” म्हैसवाली मला विचारत होती, जसं काही मीच ठोकत होते. “सांग की. तू म्हनालीस ना भारी हाय म्हनून?”

आणि तेव्हा चेअरमन टाळ्या वाजवत उठले. “वा! काय सुंदर संदेश आहे!” त्यांनी वीस मिनिटंसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या साऱ्या जनसमुदायात तो शेवट आवडलेला पहिला माणूस तो, कारण आधीचं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. तसा शेवट तसल्याच माणसाला आवडतो. मांडवात गेल्यावर त्यांनी भाषणात तोच वापरला. “माता-भगिनींनो, आत्ताच आपण पाहिलं, संकटात हात धरून प्रकाशाकडं चालायचं. हेच सहकाराचं तत्त्व आहे.” पुढाऱ्यानं मान डोलावली. फोटोवाल्यानं फोटो काढला. वाढ्यांचा विषय कुणी काढला नाही. म्हैसवालीनं काढायचा प्रयत्न केला तर मॅनेजरनं ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला.

मांडव रिकामा झाल्यावर मी गुरुजींना गाठलं. मला वाटलं, हा एक माणूस तरी माझ्या बाजूनं असेल.

“गुरुजी, हा काय शेवट झाला?”

“बाळ, ते प्रतीकात्मक आहे,” ते म्हणाले. “दार हे मनाचं दार. साहेबांनी बरोबर ओळखलं.”

“मग जनावरं कशाचं प्रतीक होती?”

“जनावरं म्हणजे… वासना. त्या मागं सोडाव्या लागतात.”

“तुमचे बैल सोडून जा मग घरी.”

आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या गुरुजींना उलटून बोलले. ते रागावले नाहीत, मला अजून समज यायची आहे अशा चेहऱ्यानं हसले. ते हसू मला चेअरमनच्या भाषणाहून जास्त लागलं. न समजलेली गोष्ट खोल आहे असं म्हणून टाकणाऱ्या माणसांनी जगात जेवढा निकृष्ट माल खपवला आहे, तेवढा कुठल्या व्यापाऱ्यानंही खपवला नसेल. त्यांच्यामुळंच लिहिणाऱ्यांना उजेड पाडून पळून जाता येतं.

त्या संध्याकाळी आत्याबाई जेवायला बसल्या. भाकरी संपवून त्या दावणीवर गेल्या आणि गाईच्या मानेखाली कितीतरी वेळ खाजवत उभ्या राहिल्या. मी मागं जाऊन उभी राहिले. मला लाज वाटत होती. चार महिने उन्हात बसलेल्या बाईला मी रोज सांगत आले होते की थांबा, शेवटी सगळं कळेल. मी पालात येऊन रडले. एवढ्या तेवढ्या मालिकेसाठी रडते म्हणून स्वतःचाच राग आला आणि आणखी रडले.

दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला दुसरी मालिका लागली, हीही आकाशातलीच. शेडमधे कुणी आलं नाही. रिमोट टेबलावर पडून राहिला. मॅनेजर पालापालानं विचारत फिरला, “अहो, टीव्ही बघा की, छान लागलंय.”

पुढं पंधरा-वीस दिवसांत छावणी बंद झाल्याचं जाहीर झालं. कागदावर पाऊस पडला होता. रानात गवताची पातीही नव्हती, पण मुदत संपली म्हणजे संपली. फाटकाजवळ चेअरमननं नारळ फोडला, कशासाठी ते त्यांनाच माहीत. म्हैसवाली तिची म्हैस घेऊन पायीच निघाली. जाताना म्हणाली, “ताई, पुढच्या बारीला शिरेल आधी सगळी बघून ठेव, मंगच आमाला दाखव.” पुन्हा “जय भीम” म्हणाली आणि गेली. रागावलेली नव्हती. तिला दुसऱ्यांच्या चुका माफ करायची सवय नव्हती, पण माझी तेवढी केली.

नवरा टेम्पो घेऊन आला. मागं जनावरं चढवली, पुढं केबिनमध्ये आम्ही तिघं, मधे मी, खिडकीशी आत्याबाई. टँकरच्या खेपांमुळं तो छावणीत चार दिवसांतून एकदा यायचा, तेव्हा त्यालाही थोडी थोडी गोष्ट कानावर पडली होती. पाटोदा मागं पडल्यावर त्यानं विचारलं,

“त्या शिरेलीचं काय झालं गं शेवटी? दाराच्या मागं काय निघालं?”

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या बाहेर बघत होत्या.

आणि मी बोलायला लागले. ठरवलं काहीच नव्हतं. “दाराच्या मागं पाणी निघालं,” मी म्हणाले. “मोठ्या मोठ्या टाक्या. जहाज बांधणाऱ्यांनी साहेब लोकांसाठी वेगळं राखून ठेवलं होतं. ठोके म्हणजे नळीतल्या हवेचे धक्के. तलाठ्याला पहिल्यापासून माहीत होतं, पण सांगायची परवानगी नव्हती.”

नवऱ्यानं स्टेअरिंगवर हात आपटला. “मला पयल्याच दिवशी वाटलंतं! नळीत हवा आली की असंच ठोकतंय. रोज ऐकतो की मी!”

“मग तलाठ्यानं पाटलिणीला किल्ली दिली. सगळ्यांना पाणी मिळालं. मग जहाज उतरलं.”

“जमीन कशी होती?”

“करडी. खडकाळ. माणसं दारात उभी राहिली, कुणाला उतरायचा धीर होईना. तेव्हा त्या मुक्या पोरीनं खाली जाऊन दावी सोडली. पहिली गाय उतरली. ती उभी राहिली, हुंगलं तिनं, आणि एका दिशेनं चालायला लागली. सगळे तिच्या मागं.”

“पाणी सापडलं?”

“ओल सापडली. पुढं खणावं लागलं.”

“हां,” तो म्हणाला. “खणावं तर लागतंच.”

टेम्पो खड्ड्यातून गेला, मागं बैलांचे खूर घसरले. मग आत्याबाई खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या,

“ती गाय गाभण होती.”

“हो,” मी म्हणाले. “गाभण होती.”

“दिस भरत आलेते,” त्या म्हणाल्या. “म्हनून ती सावलीकडं चालली.”

परदेशात कुठं तरी एका थंड खोलीत दहा-बारा पगारी माणसांनी दीड वर्षं डोकं चालवून जे जमवलं नाही, ते पाटोद्यापासून आमच्या वाडीपर्यंत एका टेम्पोत झालं. मी शहाणी होते म्हणून नाही. आम्हाला फक्त जनावरं लक्षात होती. तेवढंही ज्यांना जमत नाही, त्यांनी लोकांना जहाजात बसवू नये.

नवऱ्याला मी खरा शेवट आजपर्यंत सांगितलेला नाही. मागच्या वर्षी आम्ही बीडला मुलीला कॉलेजात घालायला गेलो होतो. एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात शेजारच्या बाकावर दोन मुलं मोबाईलवर तीच मालिका बघत होती, आणि एक दुसऱ्याला म्हणत होता की शेवट भंगार आहे, सगळे उजेडात जातात, काहीच कळत नाही. नवरा बशीतला चहा तसाच ठेवून वळला.

“ये, कुनी सांगितलं बे तुला? दाराच्या मागं पाणी असतंय. गाय पयली उतरती.”

“काका, मी पाह्यलीय ना पूर्ण.”

“तू अर्धवट पाह्यलीस,” तो ठामपणे म्हणाला. “आमच्या घरी पूर्ण पाह्यलीय.”

मुलानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून दुजोरा दिला. मग तो पोरगा फोनवर बोटानं मागं-पुढं करत, राहिलेला भाग शोधत बसला.